चौऱ्याहत्तर माळांची तार

बावीस वर्षे सारिकाने तार गुंडाळली, आणि बावीस वर्षांत ती तार तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

वराळ्याची शेते जिथे संपतात आणि कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड जिथे सुरू होतात, तिथल्या एका शेडमध्ये तिचे आसन होते. आसनच म्हणावे, कारण सकाळी सातला ती त्या स्टुलावर बसे ती साधकासारखी, पाठ ताठ, नजर खाली, श्वास मोजका. समोर कॉइल गुंडाळायचे यंत्र आणि उजव्या चिमटीत केसाहून बारीक तांब्याची तार. चिमूट सैल झाली की तार लोंबते, आवळली की तुटते. सैल नाही, घट्ट नाही, अशी ती मधली चिमूट देवाने सारिकाला दिली होती आणि सारिकाने ती कंपनीला दिली होती. तिच्या हातच्या कॉइली खोक्यांत भरून जात, कुठल्या कुठल्या यंत्रांच्या पोटात बसत आणि तिथे मुकाट्याने राबत. त्यांचे पुढे काय झाले हे तिला कुणी सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या, पूजा झाली, जिलेबी वाटली गेली, आणि कँटीनसमोरच्या मोकळ्या जागेत तळेगावच्या यशोधन नावाच्या तरुणाने इलेक्ट्रिक गिटार वाजवली. बाकीच्या बाया जिलेबीपाशी गेल्या. सारिका गिटारपाशी गेली.

"दादा, ह्याच्या पोटाला भोक न्हाई. मग आवाज येतो कुठनं?"

यशोधन हसला. "ताई, या तारांखाली तीन पट्ट्या दिसतात ना, त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की आतल्या तारेत वीज उठते. तीच पुढे स्पीकरमध्ये गाते."

"म्हंजे कॉइल."

"हो. कॉइलच."

"किती फेरे?"

यशोधनला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही विचारले होते, पण हे कुणीच विचारले नव्हते. "असतील सात-आठ हजार," तो म्हणाला.

सात-आठ हजार! म्हणजे तिच्या एका सकाळचेसुद्धा काम नव्हे. सारिका त्या लहानशा पट्टीकडे पाहत राहिली. आपण गुंडाळतो ती तार गाते? ती गाऊ शकते, आणि बावीस वर्षे आपल्याला हे ठाऊक नव्हते? लेक सासरी सुखात आहे, एवढेच नव्हे तर गावभर तिच्या गळ्याचे कौतुक आहे, असे एखाद्या आईला बावीस वर्षांनी कळावे, तसे तिचे झाले. तिला एकच गोष्ट हवीशी झाली: आपल्या हातची तार एकदा, एकदा तरी, देवासमोर गाताना ऐकायची.

पुढच्याच रविवारी ती यशोधनच्या क्लासात जाऊन बसली. वर्गात दहा-दहा वर्षांची पोरे होती आणि मध्ये सारिका, डोक्यावर पदर, मांडीवर क्लासची गिटार. पोरे पहिल्या महिन्यात तिला हसली, तिसऱ्या महिन्यात तिला सूर विचारू लागली. कारण बोटे कच्ची असली तरी कान पक्के होते. वराळ्याच्या महिला भजनी मंडळात ती वीस वर्षे टाळ धरून उभी होती. वर्ष सरता सरता काकड्याच्या साऱ्या चाली तिच्या बोटांतून उतरू लागल्या. तेव्हा यशोधनच म्हणाला, "ताई, आता स्वतःची घ्या. जुनी चालेल. लोणावळ्यात एक आहे, मालक सज्जन आहेत."

दिवाळी पाडव्याला नवऱ्याच्या, निलेशच्या, मोटारसायकलवर बसून ती लोणावळ्याला गेली. निलेश कंपनीची बस चालवतो; त्यामुळे दुचाकीवरसुद्धा तो प्रत्येक वळणाला बसएवढी जागा सोडतो. गंगाधरपंत हे निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी वल्लरी नोकरीसाठी बंगळूरला गेली, आणि तिची लाल गिटार कपाटावर राहिली.

पंतांनी निलेशकडे पाहून विचारले, "मुलगा शिकतोय का?"

"मी शिकतेय," सारिका म्हणाली.

पंतांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "असं? मग चहा झाल्याशिवाय व्यवहार नाही."

चहा झाला, आणि गिटारची पेटी उघडण्याआधीच पंत म्हणाले, "एक दोष आहे, तो आधी सांगतो. सणाच्या दिवशी लपवाछपवी नको. मधला पिकअप मुका आहे. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने कपाटातल्या पांघरुणांनासुद्धा बुरशी येते. केसाएवढी तार ती, आतल्या आत गंजून तुटली असणार."

निलेश सारिकाच्या कानाशी लागला. "मुकी घ्येतीस? लोकं बघत्याल तर काय म्हनत्याल?"

"तिगीतल्या दोगी बोलत्यात, एक रुसलीय. आपल्या घरात ह्यापरीस बरं हाय का?"

पंत मोठ्याने हसले, आणि म्हणाले, "वाजवून दाखवा, ताई. गिटार कुणाच्या घरी चाललीय, ते मला वल्लरीला सांगावं लागेल." सारिकाने काकड्यातली एक चाल वाजवली. दोन ठिकाणी चुकली. पंतांनी डोळे मिटलेले ते चाल संपल्यावरही काही वेळ उघडले नाहीत, आणि उघडले तेव्हा सांगितलेल्या किमतीतून आपणहून थोडे कमी केले.

अशी लाल गिटार वराळ्याला आली. यशोधनने एक लहानसा स्पीकर तात्पुरता दिला, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सारिका ती घेऊन विठ्ठलाच्या देवळात काकड्याला गेली.

आता काकडा म्हणजे काय, हे मावळात कुणाला सांगायला नको. आश्विनात सुरू होतो, कार्तिकी पौर्णिमेला समाप्ती. रोज पहाटे गार पाण्याने अंघोळ करून, शाली लपेटून, गाव देवाला उठवायला जातो. वराळ्यात महिला मंडळाच्या पुढे बसलेली असते सरुबाई. वय सत्तर, आवाज वीस, आणि शिस्त विचारू नये. तिचा सूर बाजाच्या पेटीतल्या काळी चारचा. त्याच्या खाली तो आजवर उतरलेला नाही. सारिका तिला मावशी म्हणे. सगळेच म्हणत.

सारिकाने स्पीकरची कळ दाबली. आणि देवळात काय झाले? घुंऽऽऽ! देवळातली वायरिंग जुनी, वर चार ट्यूबलाइट, शेजारी माइक. त्या साऱ्यांच्या विजेची घरघर लाल गिटारने पोटात ओढून घेतली आणि दुप्पट करून बाहेर सोडली. जणू सभामंडपात मधमाश्यांचे मोहोळ उठले. पखवाजावरच्या सखारामबुवांचा हात हवेत थांबला. सरुबाईने तळहात वर केला, आणि भजन बंद झाले. वीस वर्षांत भजन मध्येच बंद झालेले कुणी पाहिले नव्हते.

"सारिके, ह्या तुज्या लाल बाईच्या पोटात भुंगा शिरलाय."

बाया हसल्या. सारिका कळवळून म्हणाली, "मावशी, विजंची घरघर हाय ती. वाजवायला लागलं की कमी व्हती..."

"देवाला उठवायचाय आपल्याला, भ्या दावायचं न्हाई." सरुबाईचा आवाज मग थोडा खाली आला. "हे बग. समाप्तीला सगळा गाव येतोय. घरघर गेली, तर माज्या उजव्या अंगाला बस. न्हाई गेली, तर टाळ घ्ये आन् मागं उभी ऱ्हा. तवर मला पुना इचारू नगंस."

सरुबाईची उजवी बाजू! ती जागा पेटीवाल्या धोंडिबा आबांची. आबा गेले तेव्हापासून तिथे कुणी बसले नव्हते. सारिकाला आनंद झाला आणि धाकही वाटला. समाप्तीला बारा दिवस होते.

त्याच संध्याकाळी ती तळेगावला यशोधनकडे गेली. त्याने तारा सैल केल्या, वरची पांढरी पट्टी उघडली, आणि तिन्ही पिकअप सारिकाच्या समोर ठेवले.

"जुन्या पद्धतीचे आहेत," तो म्हणाला. "तिन्ही एकाच बाजूने गुंडाळलेले, म्हणून घरघर ओढतात. सरळ उपाय सांगू? नवे घालू. आता असे येतात की एकाच पिकअपमध्ये दोन कॉइल असतात, एक सुलटी, एक उलटी. दोघींची घरघर एकमेकींना खाऊन टाकते आणि गाणं तेवढं उरतं. माझ्या गिटारमध्ये तेच आहेत. ऐका."

त्याने वाजवले, आणि सारिकाने ऐकले. खोटे कशाला सांगावे? तो आवाज तिला फार आवडला. गरम भातावर तूप उतरावे तसा तो भरदार, शांत आणि निर्मळ होता. मागे घरघरीचा लवलेश नाही. हे घातले की उजव्या अंगाची जागा पक्की. यात विचार करण्यासारखे होते तरी काय?

"यायला दहा दिवस लागतात," यशोधन म्हणाला. "आज मागवले तरच वेळेत बसतील."

सारिकाने मुका पिकअप तळहातावर घेतला. "दादा, त्या नव्या कॉइली कुनी गुंडाळल्या आसतील?"

"परदेशात कुठेतरी. मशीनवर. असेल एखादी बाई, तुमच्यासारखीच."

"मग गाईल ती तिची तार. तिला माजा नमस्कार सांगा." तिने पिकअप उलटा करून पाहिला. "माजी कधी गायची?"

"ताई, मुका पिकअप तुम्ही गुंडाळाल, तो बोलेलही. पण घरघर जाईल याची खात्री मी देत नाही."

"तुटल्यालं टोक आत लोंबतंय, घरघर तितनंच येत आसंल."

"असेल. नसेलही."

नवे पिकअप आले नसते तरी टाळ धरून उभे राहायचे होते, आणि हे फसले तरी तेच. पण फरक असा की ते पिकअप येणार होतेच, आणि हे फसण्याचीच शक्यता जास्त होती. सारिकाने हे सारे जाणून मुका पिकअप रुमालात गुंडाळला आणि म्हणाली, "नगा मागवू."

आता तार हवी. लाइनवर रिळाच्या शेवटी थोडी तार उरते, ती भंगारात जाते. पण उरलेली झाली तरी कंपनीची. न विचारता पदराला बांधायची, हे सारिकाच्या रक्तात नव्हते. ती प्रेरणामॅडमकडे गेली. लाइनची ही सुपरवायझर तिच्याहून वीस वर्षांनी लहान. प्रेरणाने गेटपासचे पुस्तक काढले, नाव लिहिले, वस्तू लिहिली, आणि 'कारण' या रकान्यापाशी अडली.

"काय लिहू, ताई?"

"देवकार्य लिवा."

प्रेरणाने एकदा तिच्याकडे पाहिले आणि तसेच लिहिले. गेटवर वॉचमनने पास वाचला, रीळ वर धरून उजेडात पाहिले. "देवाला कॉइल लागती?"

"उठवायचाय त्याला," सारिका म्हणाली. "करंट दिल्याबिगर उठंना."

रविवार उजाडला. निलेशने माळ्यावरचे जुने शिलाई यंत्र खाली काढले आणि त्याच्या हातचाकाला पिकअपचे रिकामे रीळ नीट बसवून दिले. चाकाचा एक फेरा म्हणजे तारेचा एक फेरा. सारे जमले, मोजणार कोण? कंपनीत यंत्र आपले आपण मोजते. घरी चाक फिरवायचे, तार धरायची आणि आठ हजार आकडे डोक्यात ठेवायचे, हे एका माणसाचे काम नव्हे. आणि नेमकी सरुबाई दारात आली. खरे म्हणजे ती आली होती डोकवायला. पण आव असा की चालता चालता पाय दुखले.

"काय मांडलंयस ह्ये?"

"तार भरतेय, मावशी. आठ हजार फेरे मोजायला माणूस पायजे."

सरुबाईने कमरेची पिशवी सोडली आणि तुळशीची जपमाळ काढली. "माळ एकशेआठची. चौऱ्याहत्तर माळा केल्या की आठानं कमी आठ हजार. मी मोजते. दर फेऱ्याला नाव घ्येते, म्हंजे माजंबी काम व्हईल. तुजी तार व्हते का न्हाई, ते देव बगंल."

"तुमचा हिशोब लय पक्का, मावशी."

"चौथी शिकलेय मी. त्या टायमाची चौथी."

ताटलीत गहू आले. माळ पुरी झाली की एक दाणा अलीकडचा पलीकडे. सारिकाने जुनी कॉइल सोडवताना पाहून ठेवले होते की ती डाव्या अंगाने गुंडाळलेली होती. म्हणून तिने चाकही डावीकडे फिरवायला घेतले. एक फेरा झाला नाही तोच सरुबाई कडाडली.

"अगं ये! नाव देवाचं, आन् परदक्षिना उलटी? येडी का खुळी तू?"

सारिका थांबली. यशोधनचे सुलटे-उलटे तिच्या ध्यानातून गेले होते; उजवे-डावे याने काय बिघडते? कंपनीत ती ज्या कॉइली करी त्यांना दिशेचे सोयरसुतक नव्हते; कुठूनही गुंडाळा, काम तेच. तिने ती एक कडी सोडवली आणि चाक उजवीकडे फिरवले. देवळाभोवती फिरतो तसे.

मग जे चालले त्याचे वर्णन काय करावे! चाक फिरते आहे, तार सरते आहे, मणी पुढे जातो आहे. विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल. हात एकीचे, ओठ दुसरीचे, आणि नाव दोघींच्या पलीकडच्याचे. दहा दाणे पलीकडे गेले, वीस गेले, चाळीस गेले. निलेश चहा घेऊन आला तर सरुबाईने भुवयांनीच त्याला परत पाठवले. दुपार कलली, ऊन ओट्यावरून उतरले, आणि शेवटचा दाणा पलीकडे गेला तेव्हा तार एकदाही तुटलेली नव्हती. सारिकाच्या चिमटीला तांब्याचा वास येत होता. सरुबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "लय दिसांनी येवडा जप झाला," आणि चहा न घेता गेली.

समाप्तीला दोन दिवस उरले तेव्हा यशोधनने पिकअप बसवला, तारा चढवल्या, गिटारचा खटका मधल्या पिकअपवर आणला. "वाजवा, ताई."

तिने एक तार छेडली. आणि ती बोलली.

सारिकाने गिटारवर हात ठेवला आणि नुसती बसून राहिली. यशोधननेही घाई केली नाही. शिक्षकाला एवढे कळावे लागते. पण तार थांबली, आणि मागून काय आले? घुंऽऽऽ. भुंगा होता तिथेच होता.

"म्हटलं होतं मी," यशोधन हळूच म्हणाला, आणि सवयीने खटका एक घर मागे ओढला, जिथे मधला आणि मानेजवळचा पिकअप एकत्र बोलतात. खोली एकदम गप्प झाली. त्याने स्पीकर तपासला, चालू होता. आवाज वाढवला, घरघर नाहीच. "वाजवा पुन्हा."

तिने वाजवले. घरघर नव्हती, पण आवाज! तो भरदारपणा कुठे गेला? बारीक, नाकातून आल्यासारखा, तुणतुण्याच्या कुळातला स्वर निघाला. यशोधनने कपाळाला आठी घातली, मग कॉइलकडे पाहिले आणि खो-खो हसत सुटला.

"ताई, उलटी गुंडाळलीत! बाकीच्या दोन्ही डाव्या, ही उजवी. त्यामुळे दोघींची घरघर एकमेकींना खाते आहे, पण गाणंही अर्धं खाल्लं जातंय. दोन वायरी अदलाबदल करतो. पाच मिनिटांचं काम. आवाज भरून येईल."

"आन् घरघर?"

यशोधनचे हसू थांबले. "ती परत येईल."

म्हणजे निवड अशी होती: भरलेला गळा आणि भुंगा, किंवा बारीक गळा आणि शांतता. नवे पिकअप आता वेळेत येणार नव्हते. बावीस वर्षांनी आपली तार बोलली, आणि बोलली ती अशी चिरक्या आवाजात! सारिकाला हसू येईना, रडूही येईना. तिने पुन्हा एकदा ती बारीक तार छेडली. दोघींनी आपापला वाटा सोडला तेव्हा कुठे गोंगाट मिटला होता. उरले होते ते थोडे होते, पण स्वच्छ होते.

"वायरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

समाप्तीच्या पहाटे देवळात मुंगीला वाट नव्हती. पायऱ्यांवर पणत्या, गाभाऱ्यात धूप, आणि सरुबाईच्या उजव्या अंगाला, धोंडिबा आबांच्या जागी, लाल गिटार मांडीवर घेतलेली सारिका. तिने कळ दाबली. सरुबाईने मान तिरकी करून कान दिला. वर ट्यूबलाइट, शेजारी माइक, गिटार मुकाट.

"भुंगा?"

"गेला, मावशी. पर आवाज बारीक झालाय."

"हं," सरुबाई म्हणाली, आणि डोळे मिटून काळी चारला हात घातला.

तीस बायांचे गळे उठले, टाळ उठले, पखवाज उठला. सारिकाने चाल धरली, आणि मनात म्हणाली, बुडालो आपण. एवढ्या गजरात ही चिमणी कुणाला ऐकू येणार? पण नवल कसे झाले ते पाहा. भरदार आवाज असता तर तो पखवाजाच्या घुमाऱ्यात मिसळून गेला असता. हा बारीक स्वर टाळांच्या खणखणाटाखालून आणि बायांच्या गळ्यांवरून, सुईने वाकळेतून दोरा न्यावा तसा, पार मागच्या खांबापर्यंत गेला. मागच्या बाया माना उंचावून पाहू लागल्या. सखारामबुवांनी थापेचा जोर आपोआप उतरवला. सारिका एका ठिकाणी चुकली, सावरली. आणि तिसऱ्या चरणाला, डोळे न उघडता, सरुबाईने डाव्या हाताचा टाळ मांडीवर टेकला, उजवा हात बाजूला नेऊन सारिकाच्या गुडघ्यावर दोनदा थोपटले, आणि बोटे वर केली.

वाढव.

सारिकाने आवाज वाढवला. मग तिला देऊळ दिसेना, गाव दिसेना. चौऱ्याहत्तर माळांची तार देवासमोर उभी राहून गात होती, आणि तिला देवाला एवढेच म्हणावेसे वाटले, की पुढचा सूर चुकू नये एवढे बळ दे. तो चुकला नाही.

आरती झाली, प्रसाद झाला. देवळाबाहेर निलेशने बसचा हॉर्न दिला. पहिली पाळी देवाच्या समाप्तीसाठी थांबत नाही. सारिका घाईने गिटार पेटीत ठेवू लागली तेव्हा सरुबाई शेजारी येऊन उभी राहिली. हातात जपमाळ.

"त्या दुसऱ्या दोगी कॉइली कवा भरायच्या?"

"मावशी, त्या चांगल्या बोलत्यात. त्यास्नी कशाला उसवायचं?"

"बोलत्यात, पर नावाबिगर भरल्यात ना कुनी परक्यानं." सरुबाईने माळ पिशवीत टाकली. "बग तुजं तू. येकादशीला मातर हितंच बसायचं, माज्या उजव्या अंगाला. आन् ऐक, त्यो बारीक आवाज भरून घ्यू नगंस कुनाच्या सांगन्यावरनं."

हॉर्न पुन्हा वाजला. "सारिके, बस चालली!" निलेश ओरडला.

सारिका लाल गिटारची पेटी छातीशी धरून धावली. सातला पाच कमी असताना ती आपल्या स्टुलावर होती, पेटी प्रेरणामॅडमच्या टेबलामागे सुखरूप होती, आणि समोरचे यंत्र आपले आकडे आपण मोजत सुरू झाले होते. तरीही पहिल्या फेऱ्यालाच तिचे ओठ हलले.